दहा लाखांत एकदा

एखादा भाग बिघडला तरी चालू राहणारी यंत्रणा कधी ना कधी पूर्ण बंद पडतेच. ती किती वेळा बंद पडेल, याच्या गणितावर कस्तुरीने प्रबंध लिहिला होता. पुण्याच्या एका संस्थेने त्याच कामासाठी तिची ऑनलाइन मुलाखत ठेवली, तेव्हा तिने घरीही बंदोबस्त केला. घरचं इंटरनेट, ते गेलं तर शेजारच्या हिमानीचं वायफाय, तेही गेलं तर मोबाइल.

"प्रत्येक वाट शंभरात एकदा बंद पडेल असं धरा," तिने वडिलांना सांगितलं. "म्हणजे तिन्ही एकदम दहा लाखांत एकदा."

रत्नाकररावांची हयात भदोहीच्या एका गालिचा कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली होती. त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. "आमच्याकडे दोन केबल होत्या. दोन्ही एकाच चरातून. एक दिवस जेसीबी आला, दोन्ही एकदम स्वर्गवासी."

"बाबा, शुभ बोला ना!"

"शुभच बोलतोय. दहा लाख मुलाखती दे, एकच बिघडेल."

मुलाखतीच्या सातव्या मिनिटाला गल्लीत दोन माकडांची जुंपली आणि खांबावरच्या तारांचा अख्खा जुडगा खाली आला. घरचं नेट गेलं. हिमानीचंही गेलं, तार त्याच खांबावरून होती. मोबाइलवर नुसतं चक्र फिरत राहिलं, कारण सगळी गल्लीच त्या क्षणी मोबाइलवर आली होती.

लॅपटॉप काखेत मारून कस्तुरी नदीकाठी अहिल्याबाई घाटाकडे धावली. त्याच्या शेजारच्या मुन्शी घाटाशी पोचल्यावर कुठे मोबाइलचं नेट लागलं. मागून रत्नाकरराव स्टूल घेऊन आले.

पडद्यावर विश्वजीत देव, मुलाखत घेणारे प्रमुख, हसत होते. "काय हो, न थांबणाऱ्या यंत्रणांच्या तज्ज्ञ! काय झालं?"

बिजली गेली, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"सर, माझं गणित चुकलं. तिन्ही वाटा आपापल्या कारणाने बिघडतील असं मी धरलं. दोन एकाच खांबावर होत्या. आणि त्या पडल्या म्हणूनच तिसरीवर भार आला."

"मग आता आकडा?"

"खांब शंभरात एकदा पडत असेल, तर तिन्हीही जवळजवळ शंभरात एकदाच."

"आणि मोबाइलचा फायदा?"

"गल्ली जागी होईपर्यंत. अर्धं मिनिट."

देव मोठ्याने हसले. मग खरे प्रश्न सुरू झाले आणि पाऊण तास चालले. तेवढा वेळ रत्नाकरराव शेजारी उभे राहून नाववाल्यांना दबक्या आवाजात परतवत होते, "नहीं भैया, बिटिया का इंटरव्यू चल रहा है."

आठवड्याने निवडीचा मेल आला. रत्नाकररावांनी तो दोनदा वाचला. "तुझं तिकीट काढून आणतो," म्हणत ते चपला घालून बाहेर पडले आणि तासाभराने मलइयोचे, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचे, दोन मातीचे कुल्हड घेऊन परतले.

"आणि तिकीट?" कस्तुरीने विचारलं.

ते साफ विसरले होते.