विहिरीत पडलेली गाय

"आत जा, कडी लाव, आणि कुणी हाक मारली तर ओ देऊ नकोस."

आत्या आमच्या बोलीत हे म्हणाली तेव्हा मी सात वर्षांची होते. त्याला चाळीस वर्षं लोटली. अजून कुठं दार आपटलं की माझा हात आधी कडी शोधतो.

आत्या गेली. तिचा यंत्रात भरून ठेवलेला आवाज मात्र भाषेचा अभ्यास करणाऱ्या बाईंपाशी राहिला. आमची बोली बोलणारे आता बोटांवर मोजावेत इतकेच. म्हणून वर्षभर बाई माझ्या शिवणाच्या खोलीत येत, आत्याचं एकेक वाक्य ऐकवून थांबत, मी अर्थ सांगे, त्या लिहीत. सगळं खरं सांगितलं. एकाच ठिकाणी खोटं बोलले. "गाय विहिरीत पडली, तिला काढायला सगळे धावले," म्हणाले.

लिहिलेला अर्थ दुसऱ्या जाणत्याकडून पारखून घेतात, हे मला कुठं ठाऊक होतं?

आज त्यासाठीच न्हावीकाका आले. आत्यानं मला कडी लावायला सांगितली त्या दिवशी ज्यांच्या थोरल्या भावाला शिपायांनी नेलं आणि परत आणलं नाही, ते काका.

"चहा ठेवू, काका?"

"नंतर. आधी तुझी आत्या. जिवंतपणी मला एक शब्द बोलू दिला नाही तिनं. आताही नुसतं ऐकूनच घ्यायचं."

बाई हसल्या. "ही गाईची गोष्ट, काका. मला एवढंच कळत नाही, गाय वर निघाली तरी आत्या रडतात का?"

"कसली गाय?"

"विहिरीत पडलेली."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, आपल्या वस्तीत विहीर होती कधी? ओढ्याचं पाणी प्यायलो आपण."

भिंतीपलीकडं कुणी तरी भांडी घासत होतं, तो आवाज कानात शिरत राहिला. याच काकांनी माझ्या लेकाचं जावळ काढलं होतं. उद्यापासून ते या उंबऱ्यात पाय ठेवतील का? माझ्या लेकाकडं कुठल्या नजरेनं बघतील?

काकांनी हेडफोन कानांवर चढवला. बाईंचं बोट बटणाकडं गेलं.

मी ते बोट धरलं.

"यंत्राकडून नका ऐकू, काका. तुमचा भाऊ कुठं लपलाय ते शिपायांना सांगितलं, ते माझ्या बापानं."