मेलेल्या माणसाची खरी सही

हॉल खच्चून भरला होता. खिडक्यांतूनही माना आत आल्या होत्या. स्टेजवरची पोलादी पेटी धूर सोडत होती आणि पांढऱ्या कोटातले क्वांटमगुरू गर्जत होते, "आत्मा म्हणजे क्वांटम संदेश! त्यावर आत्म्याची डिजिटल सही असते. सगळ्यांनी वाचा, सगळ्यांनी तपासा, सही ढळणार नाही!"

त्यांचं ॲप सही तपासायचं; पडद्यावर हिरवी खूण उमटली की टाळ्यांचा कडकडाट.

माझी वहिनी पहिल्याच रांगेत. दादा जाऊन वर्षही झालं नव्हतं. गुरूंनी आणलेल्या त्याच्या 'संदेशात' आलं होतं, 'गोळ्या बंद कर, मी सांभाळतो.' तिनं रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या आणि ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. मी समजवायला गेलो तर म्हणाली, "भावोजी, सही खरी आहे हो त्यांची!"

त्या दिवशी माझी पुतणी उभी राहिली. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते ती.

"गुरुजी, बाबांचा एक संदेश थेट माझ्याकडेच आलाय. तपासून बघता का?"

गुरूंची कळी खुलली. "आण बाळ! घराण्यातच शक्ती आहे!"

ॲपनं संदेश गिळला. हिरवी खूण! 'सही खरी.' खाली मजकूर: 'हा माणूस लबाड आहे. तू गोळ्या घे.'

हॉलभर खसखस पिकली.

"लहरी... लहरी बिघडल्या," गुरू चाचरले.

"लहरी कसल्या? हे मीच सकाळी चहा पिता पिता लिहिलं," पुतणी म्हणाली. "सहीची किल्ली, म्हणजे सही करायचा गुप्त आकडाही मीच बनवला आणि त्या किल्लीला बाबांचं नाव दिलं. या किल्लीनं सही झाल्यावर मजकूर बदलला नाही, एवढंच सही सांगते. किल्ली कोणाची, हे आपण वेगळं पडताळायचं असतं. यांचं ॲप कुठलीही किल्ली मान्य करतं. आणि खरा क्वांटम संदेश वाचायला गेलं तरी बिघडू शकतो. ज्याला तो उलगडून तपासता येतो, त्याला सही न मोडता बदलताही येतो. म्हणून सगळ्यांना तपासता येईल अशी साधी सही त्यावर चालतच नाही!"

कोणीतरी पेटी उघडली. आत नुसता धूर सोडणारा कोरडा बर्फ. गुरू मागच्या दारानं पसार.

वहिनी मात्र हसली नाही. "म्हणजे ते बोललेच नाहीत?"

"नाही गं आई."

ती लेकीच्या खांद्यावर मनसोक्त रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चल, डॉक्टरांकडे जाऊ."

मंडळी, विज्ञानाचे शब्द ऐकून माना डोलावू नका. 'खरं आहे' असं कोणी दाखवलं, तर विचारा: हे ठरवलं कोणी, आणि कशावरून?