हात खोटं बोलत नाही

सभागृहाच्या दाराशी चपलांचा एवढा ढीग पडला होता की जान्हवीला आपली चप्पल कुठे काढावी ते कळेना. कांजूरमार्गच्या त्या सोसायटीच्या हॉलमध्ये एरवी बारशी व्हायची, साखरपुडे व्हायचे आणि वर्षातून एकदा पाण्यावरून भांडणं व्हायची. त्या रविवारी सकाळी मात्र शे-सव्वाशे माणसं श्वास रोखून स्टेजकडे बघत होती. आणि स्टेजवर जान्हवीची आई उभी होती.

सुनंदाबाईंनी उजवा हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताणून धरला होता. मुलुंडच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये तीस वर्षं चपात्या लाटलेला तो हात होता, आणि त्याच्या ताकदीचा बाईंना अभिमान होता. शेजारी पांढऱ्या कुर्त्यातले, कानाला माइक अडकवलेले देवव्रत सर उभे होते. सोसायटीभर लागलेल्या बॅनरवर त्यांच्या नावापुढे ‘मनशिल्पी’ अशी पदवी होती. ती त्यांना कुणी दिली हे बॅनरवर नव्हतं.

“हात खोटं बोलत नाही,” सर म्हणाले. “बुद्धी फसवते. डॉक्टर अंदाज बांधतो. हात थेट अंतर्मनाशी जोडलेला आहे. ताई, म्हणा, मी समर्थ आहे.”

बाई म्हणाल्या. “आता रोखून धरा,” असं बजावून सरांनी हात दाबला. तो तसूभर हलला नाही. टाळ्या पडल्या. मग सरांनी बाईंच्या डाव्या मुठीत त्यांचाच दम्याचा पंप दिला. दम्याचे लोक तोंडात धरून औषध ओढतात तो, निळा. “बघू हं,” म्हणता म्हणता त्यांनी पुन्हा दाबलं आणि तोच हात लुळा पडल्यासारखा खाली आला. हॉलमधून आश्चर्याचा मोठा उद्गार उठला.

“दिसलं? हे औषध शरीराला नको आहे. दमा म्हणजे काय? छातीत साठलेली तक्रार. तक्रारीचा माइंडसेट सोडा, श्वास मोकळा होईल. आणि घरात रिकामा पंपसुद्धा ठेवू नका, त्यालाही आजाराची आठवण असते.”

स्टेजच्या कडेला एक वेताची टोपली होती. तिला ते त्यागाची टोपली म्हणत. तिच्यात गोळ्यांची पाकिटं पडलेली होती, कुणाची रक्तदाबाची, कुणाची साखरेची. सुनंदाबाईंनी पंप तिच्यात टाकला. सरांनी त्यांना एक लाकडी संकल्प-मणी दिला आणि सगळ्यांना दिली होती तीच साधना दिली. पहाटे चारला उठायचं, गार पाण्याने अंघोळ, एकशेआठ वेळा ‘मी समर्थ आहे’ लिहायचं, आणि दिवसभरात एकही तक्रार तोंडातून काढायची नाही.

जान्हवी घाटकोपरच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटचा हात धरून त्यात किती ताकद आहे ते बघणं हे तिचं रोजचं काम. दाबताना आपला हात कुठे ठेवायचा, कुठल्या दिशेने दाबायचं आणि दाबण्याआधी पेशंटला सावध करायचं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. यातलं एक जरी बदललं तर तपासणी मातीमोल. तिने पाहिलं होतं की पहिल्या वेळी सरांचा हात आईच्या कोपराजवळ होता. दुसऱ्या वेळी तो मनगटावर गेला होता आणि बाई सावध व्हायच्या आतच दाबून झालं होतं.

घरी येताना तिने आईला हे सांगून पाहिलं. आई ऐकेना. “अगं, मी स्वतः जोर लावला होता. माझा हात असा पडेल? आणि तू तरी क्लिनिकात दुसरं काय करतेस? तेच ना?”

ते तिला झोंबलं. ज्या विद्येसाठी आईने चपात्या लाटून फी भरली होती, त्याच विद्येचं सोंग घेऊन एक माणूस तिच्या आईचा श्वास टोपलीत टाकून गेला होता.

पहिले दोन दिवस सुनंदाबाई खुशीत होत्या. तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डंपिंग ग्राउंडकडून वारा आला, घरोघर खिडक्या लागल्या, आणि बाईंच्या छातीत शिट्टी वाजू लागली. त्यात पहाटेचं गार पाणी. जान्हवीने नवा पंप आणून समोर ठेवला तर त्यांनी तोंड फिरवलं. गुरुवारी लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर बाई जिन्यातच बसल्या. ओठ काळेनिळे पडलेले, बोलायला श्वास नाही. शेजारच्या मीरामावशींनी आरडाओरडा केला, जान्हवी धावत आली, तिने जबरदस्तीने पंप तोंडात धरला आणि मग डॉक्टरांकडे नेलं. वेळ थोडक्यात निभावली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर जिन्यावरून इथपर्यंत पोचतीलच असं नाही.

घरी आल्यावर बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. जान्हवीला वाटलं, आता डोळे उघडले असतील. थोड्या वेळाने आई हळूच म्हणाली, “माझंच चुकलं गं. सकाळी भाजीवाल्याबद्दल बोलले मी मीराशी. माइंडसेटच कच्चा माझा.”

जीव जाता जाता वाचलेली बाई पांघरुणात तोंड लपवून स्वतःलाच दोष देत होती. बरं वाटलं तर श्रेय सरांचं, गुदमरलं तर गुन्हा आपला. यापेक्षा किळसवाणी चोरी जान्हवीने पाहिली नव्हती.

तिने वडिलांना, जयवंतरावांना, खोलीच्या मधोमध उभं केलं आणि हात बाजूला धरायला सांगितला. दुसऱ्या हातात गणपतीच्या प्रसादाचं खोबरं दिलं. दाबल्याबरोबर हात खाली आला. मग खोबरं काढून तिथे त्यांची तंबाखूची पुडी ठेवली. हात खांबासारखा ताठ.

“अगो, ह्या काय?” जयवंतराव पुडीकडे बघत म्हणाले. “म्हंजे तंबाखू चांगली?”

आई उठून बसली होती. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, मग गेलं. “तू मुद्दाम केलंस. ते मुद्दाम करत नाहीत.”

“बरं. मग रविवारी मूठ झाकून करू. आत काय आहे ते त्यांनाही कळणार नाही, तुलाही नाही, मलाही नाही. तरी पंपालाच हात पडला, तर मी गप्प बसेन. आणि नाही पडला, तर तू पंप घ्यायचास.”

सुनंदाबाई बराच वेळ मण्याशी चाळा करत राहिल्या. मग त्यांनी मान डोलावली. त्यांचा सरांवर विश्वास होताच, त्यामुळे त्यांना भीती नव्हती.

औषधाचा रिकामा पंप टाकून द्यायची सुनंदाबाईंची रीत नव्हती. कधी कामाला येईल म्हणून कपाटात सातआठ साठले होते, आणि सरांनी सांगूनही ते अजून तिथेच होते. जान्हवीने त्यातले पाच मीरामावशींना दिले आणि दहा सारख्या पुड्या बांधायला सांगितल्या. पाचांत पंप, पाचांत तेवढ्याच वजनाचं दुसरं काहीही, आणि कशात काय ते एका कागदावर. मावशींनी दार लावून, आकार हाताला कळू नये म्हणून कापूस भरून पुड्या बांधल्या, वरून चिकटपट्टी गुंडाळली, आकडे घातले आणि कागद पर्समध्ये टाकला.

रविवारी हॉल आधीपेक्षाही भरला होता. जान्हवी उभी राहिली आणि तिने नम्रपणे विचारलं की सरांची पद्धत सगळ्यांना पटावी म्हणून एक छोटा प्रयोग करता येईल का. सर हसले. संशयाची कंपनं असली की विश्व उत्तर देत नाही, असं काहीसं म्हणाले. पण पहिल्या रांगेत सोसायटीचे चेअरमन चंद्रप्रकाश बसले होते. सरांना हॉल त्यांनीच मिळवून दिला होता आणि रक्तदाबाच्या गोळ्याही टोपलीत टाकल्या होत्या. ते कौतुकाने म्हणाले, “अहो होऊन जाऊ दे ना सर. दूध का दूध.”

आता सरांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

मीरामावशी हॉलबाहेर जाऊन बसल्या, म्हणजे त्यांच्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळू नये. सुनंदाबाई स्टेजवर आल्या. एकेक पुडी त्यांच्या डाव्या मुठीत ठेवली जाऊ लागली. पहिली पुडी सरांनी स्वतःच उचलून दिली, आणि देताना अंगठ्याने ती जरा जास्तच वेळ चाचपली. मग हात दाबला. ताठ राहिला. दुसरीला पडला. तिसरीला पडला. सरांच्या कपाळावर घाम दिसू लागला, कारण आता मनगट धरायचं की कोपर, हे कशावरून ठरवायचं तेच त्यांना कळेना. सातव्या पुडीला बाईंचा हात अगदी लोखंडासारखा राहिला. सरांना जरा धीर आला. “शुद्ध,” ते माइकमध्ये म्हणाले. “अत्यंत शुद्ध.” नवव्या पुडीला हात धाडकन पडला. “विष,” सर म्हणाले.

चंद्रप्रकाशनी दहाही निकाल कागदावर लिहून घेतले. मग मावशींना आत बोलावलं आणि पुड्या फोडल्या. हात सहा वेळा पडला होता. त्या सहांतल्या फक्त दोन पुड्यांत पंप होते. बाकीचे तीन पंप सरांनी चांगले ठरवले होते, आणि अत्यंत शुद्ध सातवी पुडी त्यांतलीच.

“आणि हे विष कसलं?” कुणीतरी मागून विचारलं.

नववी पुडी सुनंदाबाईंनी स्वतः सोडली. आत चपातीच्या पिठाच्या गोळ्यात दडवलेला लाकडी संकल्प-मणी होता. मीरामावशी मान खाली घालून म्हणाल्या, “वजन जुळवायला पीठ लावलं. मणी माझाच आहे. सर म्हणाले होते, याच्याइतकं पवित्र काही नाही.”

हॉलमध्ये एकेक जण हसू लागला. सर विश्वाच्या परीक्षेबद्दल बोलायला लागले तेव्हा जान्हवीने चंद्रप्रकाशना वर बोलावलं. हात बाजूला धरायला सांगून तिने आधी त्यांच्या कोपराजवळ दाबलं, मग मनगटाशी. दोन्ही वेळा ती एका हाताने, सारख्याच जोराने दाबत होती. कोपराजवळ दाबलं तेव्हा चेअरमनचा हात टिकला, मनगटाशी दाबलं तेव्हा खाली आला.

“घराचं दार कडीपाशी ढकला, एका बोटाने उघडतं,” ती म्हणाली. “बिजागरीपाशी ढकला, दोन्ही हात लावावे लागतात. दार तेच, माणूस तोच. यात अंतर्मन कुठून आलं? आणि तुम्हाला ‘रोखून धरा’ असं आधी सांगितलं तर तुम्ही तयार असता. बोलता बोलता दाबलं तर नसता. एवढाच चमत्कार आहे हा. हात खोटं बोलत नाही, खरंय. दाबणारा बोलतो.”

सर माइक काढत होते. पाणी प्यायला म्हणून ते विंगेत गेले ते परत आले नाहीत. त्यागाची टोपली, गेल्या रविवारच्या औषधांसकट, मागेच राहिली. जान्हवीने ती स्टेजच्या मध्ये आणून ठेवली.

“मनाला सवय लावावी लागते, हे मीही मानते,” ती म्हणाली. राग लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. “माझ्या पेशंटपैकी कुणाला ध्यान करून बरं वाटतं, कुणाला वहीत लिहून, कुणाला नुसतं कट्ट्यावर बसून. तुम्हाला काय जमतं ते तुम्हीच करून बघा. दोन आठवडे करा, झोप लागते का, चिडचिड कमी होते का ते बघा, नाही उपयोग झाला तर सोडून द्या आणि दुसरं धरा. त्यात पाप नाही. फक्त डॉक्टरांचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि जो माणूस सगळ्यांना एकच साधना देतो आणि ती चालली नाही की दोष तुमच्या माथी मारतो, त्याच्यासमोरून उठा. आज या टोपलीत माझ्या आईचा जीव होता. तुमच्या घरातल्या कुणाचा असेल तर घेऊन जा.”

सगळ्यात आधी चंद्रप्रकाश वाकले आणि आपल्या गोळ्या शोधू लागले. कुणाच्या नजरेला नजर न देता माणसं पुढे येत होती, पाकीट उचलत होती, तारीख बघत होती.

सुनंदाबाई अजून स्टेजवरच होत्या, आपल्या उजव्या हाताकडे बघत. मग त्यांनी टोपलीतून निळा पंप काढला, पदराने पुसला, हलवला आणि सगळ्यांसमोर दोनदा ओढला. थोडा वेळ डोळे मिटून थांबल्या. छातीतली शिट्टी हळूहळू बसली.

“मीरा,” त्या म्हणाल्या. “ये गं, इकडे बस. आठवडाभर तोंड शिवून बसलेय मी. त्या मेल्या भाजीवाल्याने मला किडकी वांगी दिली, ते तुला अजून पुरतं सांगितलंच नाही. आणि चार वाजता उठून गार पाणी? माझ्या आईनेसुद्धा कधी घातलं नव्हतं.”

मीरामावशी शेजारी येऊन बसल्या. दोघी भाजी निवडताना जशा बोलायच्या तशा बोलत राहिल्या. वांगी झाली, लिफ्ट झाली, डंपिंगचा वास झाला, जयवंतरावांची तंबाखू झाली. जान्हवी पायरीवर बसून आईच्या छातीची हालचाल बघत होती. लांबलचक वाक्यं आई एका दमात बोलत होती, आणि मधे एकदाही थांबली नाही.