दुसरा चेहरा

दीपमालानं आईला चारदा बजावलं होतं, "दोन घंटे कुणालाच खोलीत येऊ देऊ नको. कॅमेऱ्यात दुसरं मानूस दिसलं की परीक्षा खलास. पुन्हा बसू देत न्हाईत."

"कुत्रं बी येऊ देत न्हाई," म्हणत आई दारात ठाण मांडून बसली.

वाटूरहून परतूरला वर्षभर एसटीनं जाऊन दीपमाला प्रोग्रामिंग शिकली. घरी कॉम्प्युटर नव्हता, म्हणून कोड वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये टाइप करायची. आजचा लॅपटॉपही क्लासच्या मॅडमचा. परीक्षा पुण्याच्या कंपनीची. पास झाली तर नोकरी, नाही तर दिवाळीनंतर लग्न, असं तिच्या वडिलांनी, अप्पारावांनी, सांगूनच टाकलं होतं.

आईचा पहारा असा की तहसीलच्या शिपायानं शिकून घ्यावा. साखर मागायला आलेल्या नंदाबाईला तिनं नुसत्या खुणेनं वाटेला लावलं. आत दीपमालाचे दोन प्रश्न सुटले. तिसऱ्याचा कोड पहिल्याच झटक्यात चालला, आणि पोरगी एकटीच हसली.

तेवढ्यात लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पंखा तेवढा थांबला. वर पत्रे आणि मे महिन्याची दुपार. मानेवरून घाम ओघळत होता, तिला त्याची शुद्ध नव्हती. पाठीला वारा लागला तेव्हा लाइट आली असंच तिला वाटलं.

मग स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यामागे आई दिसली. हातात पुठ्ठा, तोंडातून अवाक्षर नाही, नुसता वारा घालत होती. लगेच लाल इंग्रजी अक्षरं आली. दुसरी व्यक्ती आढळली, परीक्षा रद्द. ती फक्त दीपमालालाच वाचता आली.

त्या मुडद्या कॅमेऱ्याला आई काय कळणार! ओरडायला उघडलेलं तोंड तिनं मिटलं. 'कुणालाच' म्हटल्यावर आईनं त्यात स्वतःला धरलंच नव्हतं. आजवर कशात धरलं होतं?

"झाला का पेपर?" आईनं हळूच विचारलं.

"न्हाई. मधीच नेट गेलं."

"मेलं ते नेट!" आईनं बोटं मोडली आणि पदरानं लेकीचं तोंड पुसलं. "रडू नको माय. पुढल्या बारीला मी पहिल्यापासून तुझ्यापाशीच बसते."

"बरं," दीपमाला म्हणाली.