केराची टोपली आणि नववं प्रकरण

मित्रांनो, मी एक जुनी केराची टोपली आहे, आणि मी अजून कोणालाही क्षमा केलेली नाही.

हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी सगळ्यांना आशीर्वाद देऊन मोकळ्या होतात. मोडकी छत्री पावसाचे आभार मानते. फाटकं पुस्तक फाडणाऱ्या मुलाला लेकरा म्हणतं. मला ते जमणार नाही. दुसऱ्याचा अपराध पोटात घालावा म्हणतात. माझ्या पोटात आजवर संत्र्याची सालं, पेन्सिलीची टरफलं, नाक पुसलेले कागद आणि चर्चच्या मंडळीचे वार्षिक अहवाल घातले गेले. अपराधाला जागा उरली नाही.

मी वेताची आहे. मला विणणारा माणूस कामात चोख होता. वेत पाण्यात चांगला मुरवायचा, मऊ झाला की वाकवायचा आणि प्रत्येक टोक आतल्या बाजूला दडवायचा. टोकं आत असावीत, बाहेर आली की माणसाला लागतात, असं तो गिऱ्हाइकांना सांगे. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलेलं आहे.

माझ्यात फळं शोभतील, असंही तो म्हणाला होता. पण मला विकत घेतलं चर्चच्या समितीनं, आणि समितीला फळांचं काही पडलेलं नव्हतं. मी पाळकांच्या, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंच्या, ऑफिसात गेले आणि टेबलाखाली बसले. तिथे मी वर्षानुवर्षं सेवा केली. माझं कौतुक फक्त एकदा झालं. एक पाहुणा म्हणाला, "टोपली छान आहे," आणि माझ्यात थुंकला.

आता ज्या दिवसामुळे मी वैर धरलं, त्या दिवसाबद्दल.

त्या मंडळीत रविवारच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या एक बाई होत्या. विधवा, ताठ मानेच्या, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी मंडळीच्या मासिकासाठी एक लेख लिहिला होता. मनात आवाज येतो, तो देवाचा की आपलाच, हे ओळखायचं कसं, असा त्याचा विषय होता. शास्त्रात यालाच आत्म्यांची पारख म्हणतात. पाळकांनी तो लेख हातात घेतला, पहिलं पान अर्ध्यापर्यंत वाचलं आणि समोर बसलेल्या खजिनदाराला म्हणाले, "बायकांनी पारख भाजीबाजारात करावी. तिथे त्यांचा हात कोणी धरू शकत नाही." खजिनदार हसला. हसणं हा त्याच्या कामाचा भाग होता. मग पाळकांनी लेख चुरगळून माझ्यात टाकला. मी आधीच भरलेली होते, लेख वर आला. तेव्हा त्यांनी बुटाच्या टाचेनं तो आत दाबला. माझ्या काठाचा एक वेत कटकन मोडला आणि त्याचं टोक बाहेर आलं. पाळकांनी वाकूनही पाहिलं नाही.

शनिवारी बाई फुलदाण्यांचं पाणी बदलायला आल्या, तेव्हा त्यांना माझ्यात आपलं अक्षर दिसलं. त्यावर टाचेचा ठसा होता. त्या रडल्या नाहीत. त्यांनी आदल्या रविवारची सुकलेली फुलं माझ्यावर पसरली, मला कमरेवर घेतलं आणि पुढच्या दारानं, पहारेकऱ्याची विचारपूस करत, चालत्या झाल्या.

होय मित्रांनो, मी चोरीचा माल आहे.

पुढच्या रविवारचा अख्खा उपदेश माझ्यावर झाला. घरी आल्यावर बाईंच्या नणंदेनं तो सगळा सांगितला, म्हणून मला कळलं. या वन्सं वयानं मोठ्या, पायानं अधू आणि जिभेनं धडधाकट होत्या, आणि भावाच्या मागे भावजयीपाशीच राहत होत्या. पाळक म्हणाले होते, प्रश्न एका टोपलीचा नाही, चोरणाऱ्याच्या आत्म्याचा आहे. त्यावर पहिल्या बाकावरून सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' कोण म्हणालं असेल, हे वन्संनी आमच्या बाईंकडे बघत विचारलं. बाई चपला जागेवर लावत होत्या. त्यांच्या चपला नेमक्या तेव्हाच नीट लागत नव्हत्या.

बाईंनी मला खिडकीजवळच्या टेबलाशी ठेवलं. रोज नजरेसमोर राहावी म्हणून. राग शिळा होऊ नये यासाठी काही माणसं फोटो ठेवतात, काही पत्रं जपतात. आमच्या बाईंनी टोपली ठेवली. आणि तो बारका लेख वाढवून त्यांनी पुस्तक लिहायला घेतलं. आपलं पहिलं पुस्तक.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी घसा साफ करून प्रार्थना. मग रेघी कागदावर एक पान. मग ते पान हातात धरून, वर्गात उभं राहावं तसं उभं राहून, वन्संना वाचून दाखवायचं. वन्सं लोकरीचं विणकाम खाली न ठेवता ऐकायच्या आणि 'ठेव' किंवा 'टाक' एवढंच म्हणायच्या. 'टाक' म्हटलं की पान माझ्याकडे. खरं सांगायचं तर पहिली आठ प्रकरणं चांगली होती. तिसऱ्यात एक कसोटी होती, ती मला पाठ आहे. जे वाक्य लिहून झाल्यावर उठून आरशात आपलं तोंड बघावंसं वाटतं, ते वाक्य देवानं सुचवलेलं नसतं. वन्सं त्या पानाला 'ठेव' म्हणाल्या आणि विणकामाचा एक टाका चुकल्या.

मग आलं नववं प्रकरण. त्याचं नाव होतं 'खोट्या मेंढपाळाची लक्षणं'. मंडळीचा मेंढपाळ म्हणजे पाळक.

मित्रांनो, इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. त्यात एक माणूस होता. तो प्रार्थनेआधी असा खाकरतो, की देवालाही वाटावं आपल्याला उशीर झाला. पडद्याचा रंग निळा असावा हेसुद्धा त्याला प्रभूनं सांगितलेलं असतं. खात्यापित्या घरांतल्या माणसांना तो पुढे बसवतो आणि बाकीच्यांना नम्रतेचं महत्त्व सांगतो. आणि दुसऱ्यानं लिहिलेलं तो कधीही शेवटपर्यंत वाचत नाही. नाव कुठेच नव्हतं. नावाची गरजही नव्हती, बुटाचं माप तेवढं द्यायचं राहिलं होतं. हे सगळं लिहिताना बाईंनी एक शब्द खोडला नाही. माझ्यात एक कपटा पडला नाही. मी उपाशी राहिले आणि तृप्त झाले.

वाचन झालं, तेव्हा वन्सं इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्या एकदम थांबल्या.

"अगं, ते तिसऱ्या प्रकरणातलं आरशाचं?"

बाई नुकत्याच आरशासमोरून आल्या होत्या. म्हणाल्या, "ते वाचकांसाठी आहे."

खरी मेख पुढे होती. चर्चच्या दाराशी जी पुस्तकं विकायला ठेवत, त्यांना पाळकांचे 'दोन शब्द' असावेच लागत. आणि त्या दाराशिवाय हे पुस्तक विकलं जायला दुसरं दार नव्हतं. दुसऱ्या एखाद्या लेखिकेनं नववं प्रकरण गुपचूप बाजूला ठेवून बाकीचं हस्तलिखित दिलं असतं. आमच्या बाईंनी ते सर्वांत वर ठेवलं. पाळक आपल्याच चित्राला आपल्या सहीनं शाबासकी देतील, पुस्तक घरोघरी जाईल, लोक पान उलटतील आणि गालात हसतील, आणि पाळकांना कोणापाशी तक्रारही करता येणार नाही. कारण तक्रार करायची म्हणजे 'हा मी' असं कबूल करायचं. आणि ओळखून त्यांनी सही नाकारलीच, तर लेखाबरोबर पुस्तकही मातीत जाणार होतं. बाईंनी ही जोखीम थंड डोक्यानं घेतली. मी वेताची आहे, मला डोकं नाही, पण मीसुद्धा घेतली असती.

काही दिवसांनी पाळक स्वतः घरी आले. हस्तलिखित काखेत. नवी करडी पॅंट, कडक इस्त्रीची. ते खुर्चीत बसले, अगदी माझ्या शेजारी. खोकल्याची गोळी तोंडात टाकली आणि तिचा कागद माझ्यात टाकला. ज्या टाचेनं मला मोडलं ती टाच माझ्यापासून वीतभर होती. मला त्यांनी ओळखलं नाही. मी मात्र त्यांना ओळखलं. पारख ती हीच.

बाकीची प्रकरणं आपण चाळली, असं त्यांनी सांगितलं. नववं मात्र पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांचा आवाज खाली आला होता. वन्सं चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकल्या. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले.

"बाई, हा माणूस मी ओळखला."

पाळकांनी गोळी दुसऱ्या गालात घेतली.

"स्वतःबद्दल इतकं उघडं लिहायला छाती लागते. माझ्याच्यानं झालं नसतं."

बाईंना कळायला वेळ लागला. पाळक मात्र मनापासून बोलत होते. त्यांचे डोळे पाणावलेले होते. ते म्हणाले, तुमच्या खाकरण्याची मुलं नक्कल करतात हे तुम्हाला ठाऊक असेल असं मला वाटलं नव्हतं. वर्गाचे पडदे प्रभूनं निळे सांगितले आहेत म्हणून तुम्ही समितीशी किती भांडलात, तेही तुम्ही लपवलं नाही. डॉक्टरांची मुलं पुढच्या बाकावर आणि शिपायाची भिंतीशी, हे तर मी बोलणारच होतो एकदा. आणि मुलं वहीत प्रार्थना लिहून आणतात, तुम्ही अर्ध्यावरच लाल रेघ मारता, तेही आलं आहे.

"वाचताना एकदोनदा वाटलं, हे माझ्यावर तर नाही ना? मग म्हटलं, छे. बाई असं कशाला लिहितील?"

त्यांनी 'दोन शब्दां'चा कागद टेबलावर ठेवला, सहीसकट. चहा घेतला आणि गेले. जाताना माझ्या मोडक्या टोकापासून त्यांची पॅंट केसभर अंतरानं वाचली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत दुःखद क्षण.

पाळक गेल्यावर बाईंनी दार लावलं. मग बोलण्यासाठी त्यांनी घसा खाकरला, आणि मध्येच थांबल्या. अर्धवट खाकरणं हा फार विचित्र आवाज असतो.

"वन्सं, मी अशी आहे?"

वन्संनी रिकाम्या कपांचा ट्रे खाली ठेवला. "अगं, मग मी एवढी हसले कशाला?"

आता मित्रांनो, सही हातात होती. सापळा लागला होता, सावज त्यात स्वतः बसून चहा पिऊन गेलं होतं. पुस्तक छापायला द्यायचं, एवढंच बाकी होतं. लोक हसलेच असते. मी मनातल्या मनात ओरडत होते, द्या, छापायला द्या. पण माझा आवाज देवाचा नाही, हे बाईंना तोवर कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घसा न खाकरता प्रार्थना केली आणि नववं प्रकरण पहिल्यापासून लिहायला घेतलं. एकही लक्षण गाळलं नाही. फक्त त्या माणसाला त्यांनी उठवलं आणि त्याच्या जागी स्वतः बसल्या. लाल रेघा आल्या, शिपायाची मुलं आली. आणि शेवटी एक नवंच लक्षण आलं. ही बाई राग ताजा राहावा म्हणून टोपली चोरते आणि चोरीवरच्या उपदेशाला मोठ्यानं आमेन म्हणते.

एकेक नवं पान झालं, की जुनं माझ्यात. ती सुंदर, विखारी, एकही खाडाखोड नसलेली पानं. ज्या सुडावर मी दिवस काढले होते, तो चार तुकडे होऊन माझ्याच पोटात येत होता. मला ते सहन झालं नाही. बाईंचा हात आत आला तेव्हा मी मोडक्या टोकानं त्यांच्या बोटाला ओरखडा काढला. चांगला खोल. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हातात धरलेलं नवं पान वाचत राहिल्या. असल्या माणसांवर सूड उगवणं फार अवघड असतं.

नवं प्रकरण वाचून झालं तेव्हा वन्सं हसल्या नाहीत. 'ठेव' म्हणाल्या आणि विणकाम बाजूला ठेवून नाक पुसलं. कागद मात्र माझ्यात टाकला. हस्तलिखित पूर्ण झालं. बाईंनी त्याला पांढरी नाडी बांधली.

मग त्यांनी मला उलटं करून झटकलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि उघडपणे, वर फुलंबिलं न पसरता, चर्चच्या ऑफिसात नेलं. पाळकांना म्हणाल्या, ही मी नेली होती. नवव्या प्रकरणात शेवटी काही वाढवलं आहे, तेही वाचा.

पाळकांनी मला फिरवून पाहिलं. "अहो, ही ती नव्हे. ती धड होती."

"हीच ती. तुमच्या पायानं मोडली. आत माझा लेख होता."

बाईंच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते वाक्य फार वेळ तिथेच राहिलं. पाळकांनी माझ्या मोडक्या टोकावरून बोट फिरवलं. खाकरायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ती वाढवलेली पानं त्यांनी बाईंच्या समोर, उभ्याउभ्या, शेवटपर्यंत वाचली. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत असावं, कारण मध्येच त्यांना बसावं लागलं.

त्या दोघांचं काय ते मिटलं असेल. मला कोणी विचारलं नाही. पाळकांनी मला स्वतःच्या हातानं टेबलाखाली ठेवलं, आणि मोडकी बाजू खुर्चीकडे आली. हे त्यांनी मुद्दाम केलं की चुकून, त्याची पारख तुम्ही करा.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या. टोपली भरली की रिकामी करा, पाय देऊन दाबू नका. वेत मोडलाच तर त्याच दिवशी टोक आत वळवून घ्या. बाईंचं पुस्तक पूर्ण झालं, देव त्यांचं भलं करो. माझं अजून चालू आहे. आज रविवार आहे, उपासना संपत आली आहे आणि पाळकांनी ती नवी करडी पॅंट घातलेली आहे.