पडीकडं वळवलेला हॅलोजन

कुंडलिकने गोठ्याच्या कोपऱ्यावर हॅलोजन लावला त्याला कारण होतं. श्रावणात बिबट्याने त्याची कालवड दाव्यासकट ओढून नेली. येडगावच्या मळ्यात त्या साली कुणाचं कुत्रं, कुणाची शेळी जायचीच. उसात माद्या पिल्लं घालत होत्या आणि दिवस मावळला की माणसं दारं लावून घेत होती. पण बाकीच्यांनी दारात बल्ब लावला, फार तर ट्यूब. कुंडलिकने लोखंडी पाइप उभा केला, वर पाचशे वॅटचा हॅलोजन बसवला आणि त्याचं तोंड ओढ्याकाठच्या पडीकडं, न पेरलेल्या मोकळ्या रानाकडं केलं. जनावर येणार ते तिकडूनच.

आणखीही एक कारण होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोला, सारजाबाईला जाऊन सात महिने झाले होते. पोरगा पुण्यात कंपनीत. दिवेलागणीला घर खायला उठायचं. बटण दाबलं की ओढ्यापर्यंत लख्ख व्हायचं, तेवढं त्याला बरं वाटायचं.

पडीच्या कडेला हौशीरामचं घर. हॅलोजनचा उजेड त्याच्या भिंतीवर आणि खिडकीतून आतही पडायचा. आठवड्याभराने हौशीराम आला. ओट्यावर टेकला, तंबाखू मळली, पावसापाण्याचं बोलला आणि मग खाली बघत म्हणाला, "भाऊ, ती लाइट जरा गोठ्याकडं वळवता आली तर बघा."

"का रं?"

"घरात येती. झोप लागत न्हाई."

"मग खिडकीला पोतं लाव."

"तसं न्हाई भाऊ. घरातल्यांचं म्हणणं हाय. जरा अडचण व्हती."

"कसली अडचण?"

हौशीरामने तंबाखू तोंडात टाकली. थोडा वेळ बसून उठला.

कुंडलिकला वाटलं, याच्या पोटात दुखतंय. आपल्याकडं एवढा उजेड आणि याच्याकडं मिणमिणता बल्ब. उजेड फुकट मिळतोय तर वर तक्रार. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दुधाची रांग लागली होती. हौशीराम पुढं होता. धर्माजी मापाडी सहज म्हणाला, "कुंडलिकभाऊ, तुमच्या मळ्यात म्हणं दिवाळी चाललीय."

"चाललीय की," कुंडलिक म्हणाला. "पर ह्या हौशीरामाला सोसंना. त्याच्या घरातल्या बायांना अंधारच ग्वाड लागतो म्हणं."

रांगेतली माणसं हसली. धर्माजी मापातलं दूध सांडेपर्यंत हसला. हौशीरामने मान वर केली नाही. त्याने किटली उचलली, पावती न घेताच निघाला. कुंडलिकला त्या वेळी आपण चांगलं बोललो असंच वाटलं होतं. कितीतरी महिन्यांनी तो डेअरीवर चार माणसांना हसवू शकला होता.

त्यानंतर हौशीराम त्याच्या ओट्यावर आला नाही. हॅलोजन तसाच जळत राहिला.

पौषात सारजाबाईचं वर्षश्राद्ध होतं. त्यासाठी आळ्याहून त्याची थोरली बहीण कुशाबाई चार दिवस आधी आली. म्हातारी विधवा, तोंडाने फटकळ, कामाला वाघीण. आल्या आल्या तिने घर झाडून काढलं, सारजाबाईची लुगडी उन्हात घातली. सारजाबाई आजारी पडली तेव्हा पोराने घरामागं संडास बांधला होता. कुंडलिकला आता त्याचीच सवय झाली होती. पण कुशाबाईला तो नको. "त्या डबड्यात माजा जीव घुसमटतो," असं म्हणून ती दिवस मावळताना तांब्या घेऊन बाहेर पडली, नेहमी जायची तशी, पडीकडं.

ती परत यायला तास लागला. तोवर कुंडलिक दोनदा दारात येऊन गेला. ती आली ती दमलेली, पायात काटा मोडलेला. ओट्यावर बसून तिने काटा काढला. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "बंद कर ती."

"काय?"

"लाइट. आत्ता बंद कर. मग बोलते."

त्याने बटण दाबलं. पड काळी झाली.

"कुठं व्हतो आमी, म्हाईत हाय? कालव्याच्या रस्त्याला. ह्या वस्तीच्या साऱ्या बाया रोज तिथवर जात्यात. ही पड त्यांची जागा. तुज्या बायकूची बी व्हती. घायपाताच्या आड, अंधार पडल्यावर. तू तिथं सूर्य लावून ठेवलास."

कुंडलिकने अंधारात पडीकडं पाहिलं.

"कालव्यावर फटफट्या येत्यात. दिवा अंगावर आला की साऱ्या जणी उठून पाठ करून उभ्या ऱ्हात्यात. गेला की बसायचं, दुसरी आली की पुन्यांदा उठायचं. मी म्हातारी, मला लाज कसली? तरी माजी मान खाली गेली. हौशीरामाची सून आरती, सातवा म्हयना हाय तिला. दुपारपास्नं पाणी पीत न्हाई, संध्याकाळी एवढं चालाया नको म्हणून. लगवी तुंबून ताप आला. नारायणगावच्या दवाखान्यात तीन दिस सलाइनवर व्हती. तुला म्हाईत न्हाई?"

ताप आल्याचं त्याने ऐकलं होतं. का आला ते विचारलं नव्हतं.

"लोडशेडिंग झालं की सारा गाव शिव्या देतो," कुशाबाई म्हणाली, "आन ह्या बाया हात जोडत्यात. तेवढ्यात पळत जाऊन येत्यात."

"मला कुणी सांगितलं न्हाई, आक्का."

"कोण सांगंल तुला? हौशीरामाची लंकाबाई येऊन सांगंल? असलं बाई बाईला सांगती. सारजा असती तर पयल्याच रात्री तुजा दिवा फोडला असता तिनं. हौशीराम आला व्हता की न्हाई बिचारा? त्यानं किती उघडं करून बोलायचं?"

कुंडलिकला डेअरीवरचं बोलणं आठवलं. बायांना अंधारच ग्वाड लागतो. कुशाबाईला ते कुणी सांगितलंय की नाही, हे बघायला त्याने मान वर केली. तिला सांगितलं होतं. तिच्या तोंडावर दिसतच होतं.

"हसले त्यांच्या बी बाया आज माज्यासंगं व्हत्या," ती एवढंच म्हणाली आणि चुलीकडं गेली.

तो तिथंच बसला. पंचवीस वर्षं रोज तिन्हीसांजेला सारजाबाई लंकाबाईला हाक मारून पडीकडं जायची. संडास झाल्यावरही, अंगात बळ होतं तोवर, गेलीच. तिकडं त्यांचं हसणं, सुनांच्या चुगल्या, माहेरच्या गोष्टी चालायच्या. तो ओट्यावर बसून ते लांबून ऐकायचा. आणि त्याच जागेवर त्याने तिच्या माघारी, ती गेल्याच्या दुःखातच, एवढा उजेड पाडला होता.

सकाळी त्याने शिडी लावून हॅलोजन उतरवला, पाइपही उपटला. बिबट्याची भीती होतीच, म्हणून गोठ्याला जाळीचं दार बसवायला गवंड्याला सांगितलं. आत एक लहान बल्ब. मग किटली घेऊन डेअरीवर गेला. वाटेत त्याने ठरवलं होतं, चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागं घ्यायचं.

रांगेत हौशीराम होताच. कुंडलिक त्याच्याजवळ जाऊन म्हणाला, "हौशीराम, त्या दिवशी मी बोललो ते चुकलं माजं. लाइट काढली."

हौशीरामने मान हलवली. तेवढ्यावर भागलं असतं. पण धर्माजीचे कान टवकारले. "काय बोलला व्हता भाऊ? हां, ते व्हय! अंधार ग्वाड लागतो ते?" आणि तो पुन्हा हसला. मागच्या एकाने विचारलं, "कुणाला?" धर्माजीने त्यालाही सांगितलं.

"धर्माजी, गप!" कुंडलिक ओरडला. पण पुढं काय सांगणार? का चुकलं हे सांगायचं तर सगळं उघड्यावर मांडावं लागलं असतं, हौशीरामच्या सुनेचं, लंकाबाईचं, या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरचं.

हौशीराम जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, हात जोडतो. ह्या विषयावर आता काई बोलू नगा. माफी बी नगं."

त्याने दूध घातलं आणि गेला.

वर्षश्राद्ध झालं. जेवायला हौशीराम आला, पंगतीला बसला, शेजारधर्म म्हणून. लंकाबाई आली नाही. जाताना कुशाबाई भावाला म्हणाली, "दिवा काढलास, बरं केलंस. पर तू दारात बसतोस ना तिन्हीसांजेला, ते बी बायांना दिसतं. आता त्यांचा इस्वास उडाला."

मग कुंडलिकने दारात बसणं सोडलं. दिवस मावळायच्या आत जनावरांचं उरकतो, जाळी लावतो, घराला कडी घालतो आणि गावातल्या मारुतीच्या देवळात जाऊन बसतो. तिथं म्हातारे विचारतात, "काय भाऊ, भक्ती वाढली?" तो म्हणतो, "व्हय." बाया पुन्हा पडीकडं यायला लागल्या की कालव्यावरच जातात, हे त्याला कळायला मार्ग नाही. विचारणार कुणाला? घरात बाईमाणूस नाही, आणि हौशीरामला विचारायचं तोंड नाही.

आठ वाजता तो परत फिरतो. मळ्याच्या वळणाशी आला की बॅटरी विझवतो, मोठ्याने खाकरतो आणि पडीकडं पाठ करून बराच वेळ तिथंच उभा राहतो. मग घरी जातो.