कागदावरचा शेवटचा शब्द

"मल्लिनाथा, एवढं वाचून सांग बरं. नांदेडच्या डॉक्टरनं घरी न्या म्हणलं, अन् हे लिवून दिलं."

नागाबाईंनी कागद काउंटरवर सरकवला. मुखेडच्या त्या मेडिकलमध्ये मल्लिनाथ सव्वीस वर्षं गोळ्या काढून देत होता. शिक्षण दहावी नापास. पण खेड्यापाड्यांतली माणसं दवाखान्याचे कागद घेऊन यायची ती त्याच्याकडेच. अ‍ॅनिमिया म्हणजे अंगात रक्त कमी, बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं, असं फोड करून सांगताना त्याची मान जराशी ताठ व्हायची.

कागद नागाबाईंच्या नवऱ्याचा, अर्जुनरावांचा होता. पोटाचा कॅन्सर. तेवढं त्याला समजलं. पण अगदी खाली 'पॅलिएटिव्ह केअर' असं लिहिलेलं होतं आणि हा शब्द त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. मालकाचा मुलगा रविकिरण फार्मसी शिकलेला. तो आतच माल लावत होता. एक हाक मारायची होती. पण पुढे पाच-सहा गिऱ्हाईकं ताटकळत होती.

"स्पेशल उपचार हाय, मावशी. घरच्या घरी करायचा. पडंल फरक."

नागाबाईंनी तिथंच हात जोडले आणि पुण्याला लेकीला फोन लावला. "अयोध्या, आता रजा टाकून येऊ नको. बाबाला पेशल उपचार दिलाय. दिवाळीला ये निवांत."

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने रविकिरणला त्या शब्दाचा अर्थ सहज विचारल्यासारखा विचारला.

"आजार बरा होण्यातला राहिला न्हाई की मग तरास कमी करायचा, माणसाला आराम द्यायचा. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतेत," रविकिरण म्हणाला. "कामून, काका?"

"काही न्हाई. असंच."

दुसऱ्या दिवशी तो नागाबाईंच्या गावी गेला नाही. नागाबाई गोळ्या न्यायला येतील, तेव्हा सांगू, असं त्याने स्वतःला समजावलं. तिसऱ्या दिवशी त्यांच्या गावचा माणूस बसस्टँडवर दिसला, तर हा हॉटेलात शिरून पाठमोरा बसला. चौथ्या दिवशी त्याने रविकिरणला सगळं सांगितलं, काय काय करायचं ते लिहून घेतलं आणि त्यांच्या गावाकडच्या जीपमध्ये बसला.

अर्जुनराव बाजेवर कण्हत होते. नागाबाई चहा टाकायला उठल्या.

"चहा नको, मावशी. मी चुकीचं सांगितलं तुमाला. मला तो शब्द येतच नव्हता. ते... बरे होणार न्हाईत."

नागाबाई उभ्या होत्या तिथंच खाली बसल्या.

"मग इचारायचं की रे कुनाला तरी."

"लोकं उभे होते."

हे बोलल्यावर त्याला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"परवापस्तोर बोलत होते," नागाबाई म्हणाल्या. "अयोध्याला बोलीव म्हणून माझ्या मागं लागले होते. मीच म्हणलं, बरे व्हायलाव की आता, कशाला पोरीची रजा घालवायची."

त्या रडल्या नाहीत. पदराने तोंड पुसून त्यांनी लेकीला फोन केला. "निघ," एवढंच म्हणाल्या. मल्लिनाथला जावंसं वाटत होतं, पण उठायचा धीर होईना.

"आता काय करायचं ते तरी नीट सांग."

त्याने चिठ्ठी काढली. दुखायची वाट न बघता गोळी घड्याळ लावून द्यायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. ओठ ओल्या कापसानं पुसायचे. मग त्याने अर्जुनरावांच्या पाठीखाली हात घातला, नागाबाईंनी पाय धरले आणि दोघांनी मिळून त्यांना हलकेच कुशीवर वळवलं. कण्हणं जरा कमी झालं.

दुसऱ्या दिवशी कापूस घेऊन तो पुन्हा गेला. दुपारी अयोध्या आली. "बाबा, मी आलेय," असं ती त्यांच्या कानाशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. त्यांनी डोळे उघडले, पण बोलणं गेलेलं होतं. मग तिचं लक्ष कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं.

"आई, हे कोण?"

"मेडिकलमधला मल्लिनाथ हाय," नागाबाई म्हणाल्या. त्याने चुकीचं सांगितल्याचं त्यांनी लेकीला सांगितलं नाही.

त्याने बाजेजवळची, कापूस भिजवायची वाटी उचलली आणि पाणी बदलून आणायला तो अंगणात गेला.